उदाहरणे, भौतिकीतील

भौतिकीतील एखादा नियम विशिष्ट परिस्थितीला लावून तीमधील अज्ञात राशी काढावयास लावणाऱ्या प्रश्नाला उदाहरण असे म्हणतात. गती, प्रेरणा, ऊर्जा व विद्युत् या विषयांची ओळख करून देणाऱ्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस अशी उदाहरणे दिलेली असतात. मराठीत या शब्दाला दाखला आणि सोडविण्यास दिलेला प्रश्न असे दोन अर्थ आहेत. हे दोन्ही अर्थ संस्कृत गणितग्रंथांच्या परंपरेतून आले असून तेथे सूत्रानंतर येणारे उदाहरण हे सूत्राचे स्पष्टीकरण व शिष्याची कसोटी अशी दोन्ही कामे करी. उदाहरणे ही विषयाच्या शेवटी जोडलेली पुरवणी होय, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळा आहे. गतिकी व विद्युत् यांतील कित्येक नियम प्रथम उदाहरणाच्या रूपाने पुढे आले आणि नंतर त्यांना नियमाची प्रतिष्ठा मिळाली.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : गतीविषयीची उदाहरणे भौतिकीपेक्षा पुष्कळ जुनी आहेत. भास्कराचार्य (दुसरे) यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथातील श्रेढीच्या प्रकरणात शत्रूचे हत्ती हस्तगत करण्यासाठी निघालेल्या राजाचे उदाहरण आहे. राजा पहिल्या दिवशी दोन योजने चालतो, त्यापुढे दररोज सारखीच वाढ करतो आणि सात दिवसांत ऐंशी योजनांवरील नगर गाठतो. तर रोजची वाढ किती, असा प्रश्न आहे. उत्तर २२/७ योजने असे येते. आजच्या विद्यार्थ्याला यात एकसमान प्रवेगाचे उदाहरण सहज दिसेल. तथापि येथे वेग दिवसादिवसाने टप्प्याटप्प्याने वाढतो, क्षणाक्षणाला नव्हे. आणि वाढ का व्हावी हा प्रश्नच उद्‌भवत नाही. हे श्रेढीचे गणित आहे, गतीचे शास्त्र नव्हे. न्यूटन यांच्या अरिथ्मेटिका युनिव्हर्सालिस (१७०७) या बीजगणितावरील ग्रंथातही याच जातीचे एक उदाहरण आढळते. एकमेकांपासून ५९ मैलांवर असलेले दोन टपालवाले समोरासमोर निघतात. पहिला दोन तासांत ७ मैल व दुसरा तीन तासांत ८ मैल जातो आणि दुसरा एक तास उशिरा निघतो. भेटीपर्यंत पहिला ३५ मैल जातो. ज्यांनी गतीचे नियम सांगितले त्यांच्याच हातचे हे उदाहरण असूनही त्यात त्या नियमांचा मागमूस नाही.

क्षणाक्षणाला बदलणाऱ्या वेगाचा विचार प्रथम चौदाव्या शतकात ऑक्सफर्ड येथील मर्टन कॉलेजातील पंडितांनी केला. टॉमस ब्रॅडवर्डीन, विल्यम हेट्सबरी, रिचर्ड स्वाइन्सहेड वगैरे मंडळी विद्यार्थ्यांच्या वादसभांसाठी कूटप्रश्न रचीत. हेट्सबरी यांनी अशा प्रश्नांच्या उकलीचे नियम १३३५ मध्ये ग्रथित केले. एकसमान रीतीने वेग वाढविणारा पदार्थ ठराविक काळात जितके अंतर जातो तितकेच अंतर, मधल्या क्षणाच्या वेगाने सतत जाणारा पदार्थ तेवढ्याच काळात जातो, हा मध्यवेगाचा सिद्धांत या वर्तुळात सिद्ध झाला. पॅरिस येथील नीकॉल ऑरेम यांनी त्याची आकृतीच्या साहाय्याने सुबोध सिद्धता दिली. काळ पायावर व वेग उंचीवर मांडल्यास त्रिकोण मिळतो व त्याचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर. शाळेत आजही शिकविल्या जाणाऱ्या वेग–काल आलेखाचे मूळ हेच. आश्चर्याची गोष्ट ही की, या पंडितांनी एकही मापन केले नाही. त्यांचे पदार्थ कल्पनेत धावत. पडणारा दगड याच प्रकारे वेग वाढवितो, असे स्पष्ट विधान स्पेनमधील दोमिंगो दे सोतो यांनी केले, ते सोळाव्या शतकाच्या मध्यास. म्हणजे उत्तर तयार होते. ते कोणत्या प्रश्नाचे आहे हे कळावयास सुमारे दोनशे वर्षे लागली.

गॅलिलीओ व उतरण : उतरणीवरील गोळा हे भौतिकीतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. गॅलिलीओ यांनी १६०४ मध्ये पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात पडणाऱ्या पदार्थाचा वेग हा पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असे गृहीत धरले होते. हे गृहीत चुकीचे होते. वेग अंतराच्या नव्हे, तर काळाच्या प्रमाणात वाढतो या निष्कर्षाला ते नंतर पोहोचले. लायडन येथे १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादात्मक ग्रंथात त्यांनी आपणही काही काळ त्या भ्रमात होतो अशी कबुली एका पात्राच्या तोंडून दिली आहे. पाठ्यपुस्तकांतून ही कबुली सहसा वगळली जाते, हे खेदाचे आहे. कारण प्रत्येक पिढीतील विद्यार्थी प्रथम तीच चूक करतात.

या ग्रंथात वर्णिलेल्या प्रयोगात सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत खोबण कोरून, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावून, तीतून काशाचा गोळा सोडला जाई. काळ मोजण्यासाठी मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी प्याल्यात धरून ते तोलीत. प्रयोग शंभर शंभर वेळा करूनही अंतरे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याचे दिसून आले. मुक्त पतन फार जलद असल्याने तत्कालीन साधनांनी मोजता येत नसे. उतरणीमुळे ते ‘मंद’ करता आले. उदाहरण निवडण्यातील कौशल्य ते हेच.

येथे एक भेद ध्यानात घेणे जरूर आहे. पाठ्यपुस्तकातील उतरणीवर घर्षणरहित ठोकळा घसरत असतो, तर गॅलिलीओ यांचा गोळा गडगडत होता. गडगडणाऱ्या भरीव गोळ्याच्या ऊर्जेचा काही भाग त्याच्या परिवलनात जातो व त्याचा प्रवेग घसरणाऱ्या ठोकळ्याच्या ५/७ इतकाच असतो. खोबणीत तो आणखी कमी होतो. अंतर व काळाचा वर्ग यांचे प्रमाण मात्र यामुळे बिघडत नाही. गॅलिलीओ यांनी प्रमाण शोधले, प्रवेगाची किंमत काढली नाही, म्हणून या त्रुटीची झळ त्यांना लागली नाही. त्याच प्रयोगातून गुरुत्वीय प्रवेग काढावयास सांगितलेला विद्यार्थी मात्र फसतो.

सजीव प्रेरणेचा वाद : गतिमान पदार्थाच्या ठायी असलेले ‘बल’ कशाने मोजावे, हा वाद सतराव्या व अठराव्या शतकांत सुमारे साठ वर्षे चालला आणि त्याची सुरुवात एका साध्या उदाहरणाने झाली. देकार्त यांच्या मते द्रव्यमान व वेग यांचा गुणाकार ही गतीची खरी राशी होय. लायप्निट्स यांनी १६८६ मध्ये आक्टा एरुडिटोरुम या नियतकालिकात एक छोटा लेख लिहून देकार्त यांची ‘संस्मरणीय चूक’ दाखविली. १ पौंड वजन ४ हात उचलावयास जेवढे श्रम पडतात तेवढेच ४ पौंड वजन १ हात उचलावयास पडतात, हे उभय पक्षांना मान्य होते. आता ही दोन्ही वजने त्या त्या उंचीवरून सोडली, तर खाली येताना पहिल्याचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट असतो (गॅलिलीओ यांच्या नियमानुसार उंची चौपट तर वेग दुप्पट). म्हणून देकार्त यांच्या हिशेबाने पहिल्याची गती २ व दुसऱ्याची ४ भरते. श्रम समान असताना फळ असमान कसे? द्रव्यमान व वेगाचा वर्ग यांचा गुणाकार घेतल्यास मात्र दोन्हीकडे ४ येतात. या गुणाकाराला लायप्निट्स यांनी सजीव प्रेरणा असे नाव दिले.

वाद केवळ कागदावर राहिला नाही. लायडन येथील प्राध्यापक विलेम स’ग्राव्हसांड हे न्यूटन यांचे अनुयायी होते व प्रारंभी लायप्निट्स यांच्या विरुद्ध पक्षाचे होते. १७२२ मध्ये त्यांनी एकाच आकाराचे पण वेगवेगळ्या वजनांचे पितळी गोळे मऊ मातीवर सोडून पडणाऱ्या खळग्यांची तुलना केली. वजन दुप्पट व उंची निमपट, वजन तिप्पट व उंची तृतीयांश असे केल्यास खळगे सारखेच पडत. वेगाचा वर्ग उंचीच्या प्रमाणात असल्याने हे लायप्निट्स यांच्या पक्षाला अनुकूल होते. स’ग्राव्हसांड यांनी आपले मत बदलले व त्याबद्दल स्वपक्षीयांचा रोषही सोसला. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले यांनी १७४० च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगांचा आधार घेऊन सजीव प्रेरणेचा पुरस्कार केला. दालांबेर यांनी १७४३ मध्ये हा वाद केवळ शब्दांचा असल्याचे प्रतिपादन केले.

तो पूर्णपणे शब्दांचा नव्हता. प्रेरणा किती काळ कार्य करते हे पाहिल्यास संवेगातील बदल मिळतो. ती किती अंतरापर्यंत कार्य करते हे पाहिल्यास वर्गाची राशी मिळते. १,००० किग्रॅ. द्रव्यमानाची मोटार सेकंदाला १० मी. वेगाने जात असून तिला थांबविणारी प्रेरणा ५,००० न्यूटन असेल, तर ती २ सेकंदांत व १० मी. अंतरात थांबते. वेग २० मी. असेल तर ४ सेकंद लागतात, पण अंतर ४० मी. लागते. देकार्त यांचे माप काळाला लागू पडते, लायप्निट्स यांचे अंतराला. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, ही रस्त्यावरील प्रत्येक वाहनचालकाच्या जीविताशी निगडित असलेली गोष्ट त्या जुन्या वादाच्या पोटात दडलेली होती. वर्गाच्या राशीला निम्मे करून कार्याशी तिची सांगड घालण्याचे श्रेय कोऱ्योलीस यांना (१८२९) दिले जाते. ऊर्जा या अर्थाचा इंग्रजी शब्द टॉमस यंग यांनी १८०७ मध्ये या संदर्भात योजिला. ‘स्थितिज’ हे विशेषण रँकिन यांनी १८५३ मध्ये रूढ केले. उष्णता व कार्य यांची सममूल्यता दाखविताना जूल यांनी १८४५ मध्ये नायगारा धबधब्याचा दाखला दिला. १६० फूट खाली पडताना पाण्याचे तापमान फॅरनहाइट मापक्रमावर सुमारे एकपंचमांश अंशाने वाढले पाहिजे, असे त्यांचे गणित होते. तेव्हापासून धबधब्याचे उदाहरण उष्णतेवरील प्रकरणातून हललेले नाही.

ॲटवुड यंत्र : कप्पीवरून सोडलेल्या दोरीच्या दोन टोकांस असमान वजने बांधली असता प्रवेग किती, हे उदाहरण सोडविल्यावाचून कोणी गतिकी शिकला असेल असे वाटत नाही. ते मुळात केंब्रिज येथील व्याख्याते जॉर्ज ॲटवुड (१७४५–१८०७) यांनी बनविलेले व १७८४ च्या त्यांच्या ग्रंथात वर्णिलेले प्रत्यक्ष यंत्र होते. दोन्ही बाजूंस समान वजने टांगून एका बाजूवर एक लहानशी पट्टी ठेवीत. हलणारे एकूण द्रव्यमान पट्टीच्या ६४ पट असेल, तर प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या १/६४ म्हणजे सेकंदाला सुमारे ६ इंच होतो. वजन पहिल्या सेकंदात ३, दोन सेकंदांत १२ व तीन सेकंदांत २७ इंच उतरते. साध्या लंबकाच्या ठोक्यावर हे डोळ्यांनी पाहता येते. वाटेत ठेवलेले कडे पट्टीला अडवून वजनाला तेवढे जाऊ देई. त्यानंतर वजन एकसमान वेगाने उतरे व न्यूटन यांचा पहिला नियम दृष्टीस पडे.

पुस्तकात शिरताना हे यंत्र हलके झाले. ॲटवुड यांनी कप्पीचा आस चार चाकांच्या कडांवर टेकविला होता आणि चाकांच्या जडत्वाचा हिशेबही धरला होता. पाठ्यपुस्तकाने कप्पी ‘गुळगुळीत’, दोरी ‘वजनरहित व न ताणणारी’ करून टाकली. ही विशेषणे सोय म्हणून आली. पुढे ती परिस्थितीचा भाग आहेत असे विद्यार्थी मानू लागले. गुळगुळीत कप्पी म्हणजे काय, हे विचारल्यास पुष्कळांना उत्तर देता येत नाही. ती आली की दोरीचा ताण दोन्ही बाजूंस सारखा धरावयाचा, एवढे मात्र सर्वांस ठाऊक असते.

परीक्षा व रँग्लर : उदाहरणांना त्यांचे आजचे रूप केंब्रिज विद्यापीठाच्या ट्रायपॉस या गणित परीक्षेने दिले. अठराव्या शतकात तेथील तोंडी वादविवादांची जागा लेखी प्रश्नांनी घेतली आणि उत्तीर्णांची गुणानुक्रमे यादी लागू लागली. पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यांस ‘रँग्लर’ व त्यांतील पहिल्यास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. या क्रमावर पुढील सारे आयुष्य अवलंबून असल्याने खाजगी शिक्षकांचा वर्ग उदयास आला. त्यांपैकी विल्यम हॉपकिन्स यांच्या हाताखालून स्टोक्स, केली, विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन), टेट व मॅक्सवेल हे सर्व गेले. टॉमसन १८४५ मध्ये व मॅक्सवेल १८५४ मध्ये दुसरे आले. १८५४ मध्ये मॅक्सवेल यांच्या वर असलेले एडवर्ड राउथ हे पुढे हॉपकिन्स यांच्याहूनही यशस्वी शिक्षक झाले. त्यांच्या शिष्यांपैकी पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर झाले. मॅक्सवेल यांनी पदवीच्याच वर्षी गुळगुळीत पृष्ठावरील साखळीच्या एका उदाहरणावर विनोदी पद्य रचले. या उदाहरणांकडे तेही काहीशा थट्टेने पाहत असावेत, असे यावरून दिसते.

तरीही या परीक्षेला केवळ घोकंपट्टी म्हणून निकालात काढता येत नाही. १८५४ च्याच स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत स्टोक्स यांनी एक समाकल सिद्ध करावयास घातला होता. तो आज स्टोक्स यांचे प्रमेय म्हणून ओळखला जातो, आणि त्या परीक्षेस बसलेल्या मॅक्सवेल यांना पुढे आपल्या विद्युत् चुंबकीय सिद्धांतात त्याचा मोठा उपयोग झाला. परीक्षेतील प्रश्न हाच शोध प्रसिद्ध करण्याचे साधन व्हावा, ही गोष्ट विरळाच. उलट बाजूही होती. विद्युत्, चुंबकत्व व उष्णता हे विषय ट्रायपॉसमधून बराच काळ वगळलेले होते व १८७३ पासून ते पुन्हा समाविष्ट झाले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ मध्ये सुरू झाली, तोपर्यंत हजारो उदाहरणे सोडवूनही यंत्राला हात न लावलेला पदवीधर केंब्रिजमध्ये नवलाचा नव्हता.

गुणानुक्रम जाहीर करण्याची पद्धत १९०९ नंतर बंद झाली. त्यापूर्वी १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६) हे सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्या वर्षी आणखी एका विद्यार्थ्याबरोबर तो त्यांस विभागून मिळाला होता. परत आल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्यामुळे ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत नावामागे लावण्याची पदवीच बनला. इंग्लंडमध्ये कालबाह्य झालेली ही संज्ञा महाराष्ट्रात त्यानंतरही अनेक दशके आदराने उच्चारली जात होती. महाराष्ट्रातील कॉलेजांतून लोनी यांची स्थितिकी व गतिकी यांवरील पुस्तके दीर्घकाळ चालली. त्यांतील उदाहरणांचा बाज पूर्णपणे केंब्रिजचा आहे.

विद्युत् मंडले : विद्युतीय उदाहरणांचा इतिहास आखूड, पण अधिक व्यावहारिक आहे. ओम यांचा नियम १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच्या घटांचा दाब स्थिर राहत नसल्याने त्यांनी पोगेनडोर्फ यांच्या सूचनेवरून ताप-विद्युत् युग्म वापरले होते. फाटे फुटणाऱ्या मंडलांचे नियम गुस्टाव्ह किरखोफ यांनी १८४५ मध्ये मांडले, त्या वेळी ते केनिग्झबर्ग येथे विद्यार्थी होते. फ्रान्ट्स नॉयमान यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या एका प्रश्नावर काम करताना हे नियम हाती आले. एक विद्यार्थी आपला गृहपाठ करीत होता आणि त्यातून प्रत्येक पुढील विद्यार्थ्याचा गृहपाठ निर्माण झाला, असे म्हणता येईल.

या उदाहरणांना खरी निकड आली ती तारायंत्रामुळे. १८५८ ची अटलांटिक महासागरातील तार काही आठवड्यांतच निकामी झाली. विल्यम टॉमसन यांनी अशा लांब तारेतील संदेशाच्या विलंबाचे गणित आधीच केले होते; परंतु कंपनीचे विद्युत् तज्ञ व्हाइटहाउस यांनी सुमारे २,००० व्होल्ट दाबाचा मारा केला. त्यानंतर रोधाचे अचूक मापन हा विद्वानांचा विषय न राहता कंपन्यांच्या जमाखर्चाचा विषय झाला. मुंबई–एडन तार १८७० मध्ये घालण्यात आली. समुद्रतळाशी तार कोठे तुटली हे किनाऱ्यावरून शोधणे हे त्या काळचे खरेखुरे उदाहरण होते. समजा, तारेचा रोध मैलास ४ ओहम आहे व किनाऱ्यावर १,२०० ओहम मोजला गेला. तर दोष ३०० मैलांवर आहे. परंतु तुटलेल्या टोकाचा समुद्राशी होणारा संपर्कही काही रोध देतो, म्हणून दोन्ही किनाऱ्यांवरून मापन करावे लागे. त्यासाठी क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये सुचविलेली व व्हीट्‌स्टन यांनी १८४३ मध्ये प्रसिद्धीस आणलेली सेतूची जुळणी उपयोगी पडली. विद्यार्थी आज सेतूचे उदाहरण करतो तेव्हा त्यामागची बोट व समुद्र त्याला दिसत नाहीत.

घटांच्या जुळणीचे उदाहरणही तार कचेरीतील घटमालांच्या व्यवहाराशी जवळचे आहे. प्रत्येकी १·५ व्होल्ट दाबाचे व १ ओहम अंतर्गत रोधाचे २४ घट ६ ओहम बाह्य रोधाला जोडावयाचे आहेत. बारा बारा घटांच्या दोन ओळी केल्यास अंतर्गत रोधही ६ ओहम होतो व सर्वाधिक म्हणजे १·५ अँपिअर प्रवाह मिळतो. अंतर्गत व बाह्य रोध समान असता बाह्य मंडलाला सर्वाधिक शक्ती मिळते, हा याकोबी यांचा नियम होय. या जुळणीत निम्मी शक्ती घटांतच वाया जाते. त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेकांनी असा समज करून घेतला की, विद्युत् जनित्राची कार्यक्षमता पन्नास टक्क्यांहून अधिक असूच शकत नाही. ही उदाहरणाची चुकीची शिकवण होती. सहा सहा घटांच्या चार ओळी केल्यास प्रवाह १·२ अँपिअरवर उतरतो, पण एकूण शक्तीपैकी ८० टक्के बाह्य मंडलास मिळते. सर्वाधिक शक्ती आणि सर्वाधिक कार्यक्षमता या दोन भिन्न मागण्या आहेत. १८७९ च्या सुमारास एडिसन यांनी अत्यल्प अंतर्गत रोधाचे जनित्र बनवून सुमारे नव्वद टक्के कार्यक्षमतेचा दावा केला, तेव्हा प्रारंभी त्याची टवाळी झाली.

एकके व परिभाषा : ब्रिटिश पद्धतीत पौंड हे द्रव्यमानाचे व वजनाचेही एकक असल्याने उदाहरणांत मोठा घोटाळा होई. तो टाळण्यासाठी ‘पाउंडल’ हे प्रेरणेचे एकक काढण्यात आले. सुमारे ३२ पाउंडल म्हणजे एक पौंड वजन. ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने १८७३ मध्ये डाइन व अर्ग ही एकके पुरस्कारिली, आणि १८८१ च्या पॅरिस येथील परिषदेत ओहम, व्होल्ट व अँपिअर यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. त्यानंतरच्या पुस्तकांत ३२ फुटांच्या जागी ९८० सेंमी. व पुढे ९·८ मी. आले; अलीकडे आकडेमोड सोपी करण्यासाठी १० मी. धरण्याची रीत पडली आहे. मुंबईत ही किंमत प्रत्यक्षात सु. ९·७९ मी. आहे.

मराठीत भौतिकीवरील लेखन बरेच जुने आहे. हरी केशवजी यांचे सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद हे पुस्तक १८३३ मध्ये निघाले. नावाप्रमाणेच ते संवादरूप आहे. डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–८४) यांनी अंकगणित व पदार्थविज्ञान या विषयांवर मराठीत क्रमिक पुस्तके लिहिली. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. मुंबई विद्यापीठाची स्थापना (१८५७) झाल्यानंतर उच्च शिक्षण इंग्रजीत गेले व मराठी उदाहरणसंग्रहांची वाढ शालेय पातळीवर खुंटली. परिभाषाही एक राहिली नाही. एका ग्रंथात प्रेरणा, द्रव्यमान, प्रवेग व संवेग असतात, तर शालेय पुस्तकात त्याच अर्थी बल, वस्तुमान व त्वरण येतात. मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत एका परिभाषेत उदाहरणे सोडवितो आणि अकरावीत विज्ञानशाखेला गेल्यावर तीच उदाहरणे इंग्रजीत नव्याने शिकतो. या स्थित्यंतरात गुण गमावलेल्यांची संख्या कोणी मोजलेली दिसत नाही. ती थोडी नसावी.

आकलनाची चाचणी : उदाहरणे सोडविता येणे म्हणजे विषय समजणे, हे समीकरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गृहीत धरले जाई. १९८२ मध्ये अमेरिकेतील जॉन क्लेमंट यांनी विद्यार्थ्यांना वर फेकलेल्या नाण्यावर वाटेत कोणत्या प्रेरणा कार्य करतात एवढेच विचारले. हवेचा विरोध सोडल्यास फक्त खालच्या दिशेने गुरुत्वाकर्षण, हे उत्तर होय. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी वर जाणाऱ्या नाण्यावर वरच्या दिशेनेही एक प्रेरणा दाखविली. हाताने दिलेला जोर नाण्यात साठून राहतो व हळूहळू संपतो ही कल्पना चौदाव्या शतकातील ब्यूरिदां यांच्या मताशी बरीच जुळते. हेच विद्यार्थी नाणे किती उंच जाईल हे सूत्राने बिनचूक काढू शकत.

हेस्टेनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रेरणेच्या संकल्पनेवरील एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत आकडेमोड नाही. समोरासमोर आदळणाऱ्या मोठ्या व लहान वाहनांपैकी कोणावर अधिक प्रेरणा पडते, अशा प्रकारचे प्रश्न आहेत. हार्व्हर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांना आपल्या विद्यार्थ्यांस हे प्रश्न क्षुल्लक वाटतील असे वाटले होते. निकाल पाहून त्यांनी आपली शिकविण्याची पद्धत बदलली. दोन घट असलेल्या मंडलातील प्रवाह किरखोफ यांच्या नियमांनी काढणारे विद्यार्थी, चावी बंद केल्यावर कोणता दिवा अधिक प्रकाशेल व कोणता मंद होईल या साध्या प्रश्नात अडखळतात, असे त्यांना आढळले. कोरियातील किम व पाक यांनी २००२ मध्ये, हजाराहून अधिक नेहमीच्या धर्तीची उदाहरणे सोडविलेल्या विद्यार्थ्यांतही संकल्पनांविषयीच्या अडचणी कायम असल्याचे दाखविले.

या निष्कर्षांवरून उदाहरणे निरुपयोगी ठरत नाहीत. चुकीच्या जातीची उदाहरणे फार झाली, एवढेच ठरते. सोव्हिएट रशियातील इरोदोव्ह यांचा संग्रह भारतात फार लोकप्रिय झाला, त्याचे कारण त्यातील प्रश्नांना सूत्र चटकन सापडत नाही हेच होय. वॉर्सा येथे १९६७ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय भौतिकी ऑलिंपियाडमध्ये सैद्धांतिक उदाहरणांबरोबर प्रत्यक्ष प्रयोगही करावा लागतो. भारत १९९८ पासून तीत भाग घेत असून संघाची निवड व तयारी मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र करते. २०१५ चे ऑलिंपियाड मुंबईतच भरले होते. याच्या उलट दिशेने प्रवेश परीक्षा गेल्या. भारतीय तंत्रज्ञान संस्थांची संयुक्त प्रवेश परीक्षा पूर्वी उकल लिहून घेई. २००६ पासून ती वस्तुनिष्ठ प्रश्नांची झाली. लाखो उत्तरपत्रिका तपासण्याचा प्रश्न यामुळे सुटला, परंतु चुकीच्या मार्गाने आलेले बरोबर उत्तर आणि योग्य मार्गावरील किरकोळ चूक यांत यंत्राला फरक करता येत नाही. वैद्यकीय प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा २०१७ पासून व अभियांत्रिकीची मुख्य परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते. त्यामुळे अकरावी-बारावीच्या पातळीवरील उदाहरणांसाठी मराठी परिभाषा निश्चित करण्याचे काम, जे छत्रे यांच्या पिढीनंतर शाळेच्या उंबरठ्यावर थांबले होते, ते पुन्हा हाती घ्यावे लागले आहे.